निर्विष विनोदाचें विष

मराठी ग्रंथपरीक्षणांत कांहीं विशेषणें अशीं रुळलीं आहेत कीं, ग्रंथ न वाचतांही तीं बिनधोक योजतां यावींत. कादंबरी ‘ओघवती’ असते, कविता ‘हळुवार’ असते, आणि विनोद ‘निर्विष’ असतो. पहिल्या दोन विशेषणांशीं आमचें भांडण नाहीं. तिसऱ्याशीं मात्र आमचें उघड वैर आहे, व तें आज कारणांसह मांडावें असा आमचा संकल्प आहे. विनोद कोणासही न बोचणारा असावा, घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून हंसावें असा असावा, हें मत आज इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य स्वभावानेंच कुत्सित असला पाहिजे असा समज सहज होतो. तो समज पत्करूनही आम्ही म्हणतों कीं, ह्या मतानें मराठींतील एका थोर लेखनप्रकाराचा, म्हणजे समाजाच्या चालीरीतींवरील व नित्याच्या बोलण्याचालण्यावरील उपहासाचा, कणा मोडला आहे. शिवाय, ज्याला निर्विष म्हणतात तो विनोद निर्विषही राहिलेला नाहीं. त्यांतील विष गेलें नाहीं, त्याचा केवळ पत्ता बदलला आहे.

हा विषय आमच्या मनांत कां घोळूं लागला तें प्रथम सांगतों. मागील हिंवाळ्यांत लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ येथें जाण्याचा प्रसंग आला. गांव तालुक्याचें, पण लहान. तेथील कांहीं हौशी वाचकांनीं विनोदी वाङ्मयावर सकाळची एक बैठक योजिली होती, व महाविद्यालयांत तीस वर्षें खडू झिजविलेला मनुष्य म्हणून अध्यक्षपद आमच्याकडे आलें होतें. मुख्य वक्ते मोठ्या शहरांतून आलेले, बहुश्रुत आणि गोड वाणीचे होते. त्यांनीं तासभर निर्विष विनोदाची महती गाइली, व उदाहरणादाखल ह्याच भागांतील बोलीची नक्कल करून दाखविली. ‘काय करलालाव?’ ‘कुठं जालालाव?’ सभागृह खो खो हंसलें. समोर बसलेली बहुतेक मंडळी ह्याच बोलींत लहानाची मोठी झालेली. तीही हंसली, किंबहुना अधिक मोठ्यानें हंसली, कारण न हंसणें म्हणजे ती बोली आपली असल्याची कबुली देणें. आम्हीही हंसलों. अध्यक्षानें न हंसणें शिष्टसंमत नसतें.

सायंकाळीं यजमानांचे घरीं चहापान होतें. त्यांची कन्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तिनें दुसऱ्यांदा दिली होती, आणि प्रवेश मिळाला नव्हता. ही गोष्ट बैठकींतील प्रत्येकास ठाऊक होती. आम्हांसही दुपारच्या पंगतींत शेजारच्या गृहस्थांनीं हलक्या आवाजांत सांगितली होती. तरीही प्रश्न झाला: ‘काय, किती आले यंदा?’ हा प्रश्न कोणीं विचारला तें लपविण्याचें कारण नाहीं. तो आम्हींच विचारला. कांहींतरी बोलावयाचें म्हणून विचारला. एकदां बांध फुटल्यावर बाकीची मंडळी मागें राहिली नाहीं. ‘आतां पुन्हां बसणार कीं काय?’ ‘आमच्या भाचीला पहिल्याच खेपेस मिळाला, अर्थात् ती पहिल्यापासूनच...’ ‘नाहीं तर बी. एस्सी. आहेच कीं!’ सगळे आवाज गोड, सगळे चेहरे हंसतमुख. मुलीनें ट्रे खालीं ठेवला, ठेवतांना एक कप लवंडला, आणि ती आंत गेली. संभाषण पावसापाण्याकडे वळलें. तेवढ्यांत आंतल्या दारापाशीं बसलेल्या तिच्या आजीचा आवाज आमच्या कानीं पडला: ‘सकाळपसून उपाशी हाईस माय. दोन घास खा.’

सकाळीं ज्या बोलीवर सभागृह हंसलें, त्या बोलींत बोललेलें हें वाक्य होतें. आणि त्या दिवसभरांत आमच्या कानांवर आलेलें एवढें एकच वाक्य सभ्य होतें. परंतु विनोदाचा विषय कोणता ठरला? आजीची बोली. आणि आमचें चहापानाचें संभाषण? त्यावर हंसावें असें वक्त्यांस, श्रोत्यांस वा अध्यक्षांस सुचलेंही नाहीं. आमच्या तक्रारीचें मूळ येथें आहे.

आतां जुन्यांनीं काय केलें तें पाहूं. चालीरीतींवरील उपहास मराठींत इंग्रजी शिक्षणाबरोबर आला असें ज्यांस वाटतें, त्यांनीं दासबोधाचें दुसरें दशक उघडावें. ह्याच मराठवाड्यांत, आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं, १६०८ सालीं जन्मलेल्या रामदासांनीं त्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांस दिला आहे. हीं लक्षणें कसलीं? स्वतःची स्तुति स्वतः करणारा, वाडवडिलांची कीर्ति सांगत सुटणारा, दोघे बोलत असतां मध्यें जाऊन बसणारा, कारण नसतां हंसणारा. ह्या माणसास शोधावयास रानांत जावें लागत नाहीं. तो आपल्या ओसरीवरच सांपडतो. त्याच दशकाच्या शेवटच्या समासांत रामदास एक पाऊल पुढें जातात व पढतमूर्खाची लक्षणें सांगतात. ज्यास वाचतां येतें, ज्यास ज्ञानाच्या गोष्टी बोलतां येतात, पण ज्याच्या वागण्यांत तें ज्ञान उतरलें नाहीं, तो हा मूर्ख. म्हणजे पहिल्या समासांत जो वाचक दुसऱ्यांच्या मूर्खपणास हंसला, त्याच्याच हातीं दशक संपतां संपतां आरसा दिला आहे. हा उपहास बोचतो, कारण तो बोचावा म्हणूनच लिहिला आहे. आणि बोचतो तो प्रथम वाचकास.

इंग्रजी वाङ्मयाकडे वळलें तरी हाच न्याय दिसतो. जोनाथन स्विफ्ट ह्यानें १७३८ सालीं, वयाच्या सत्तरीच्या घरांत, सायमन वॅगस्टाफ ह्या खोट्या नांवानें शिष्ट संभाषणाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. प्रस्तावनेंत हा वॅगस्टाफ मोठ्या गांभीर्यानें सांगतो कीं, आपण वही घेऊन उत्तमोत्तम घरांत वर्षानुवर्षें हिंडलों, लोक जें बोलत तें टिपून घेतलें, आणि संग्रहांतील एकही चतुर वाक्य असें नाहीं कीं ज्यावर निदान शंभर वर्षांच्या वापराचा शिक्का नाहीं. पुढें तीन संवाद येतात. उमराव व त्यांच्या स्त्रिया चहा पितात, जेवतात, थट्टामस्करी करतात; आणि अखेरपर्यंत कोणी स्वतःचें म्हणून एक वाक्य बोलेल तर शपथ! तोंडें हालतात, वाक्यें ठरलेलीं असतात, मनें बंद असतात. हें पुस्तक घेणारे कोण होते? तशाच दिवाणखान्यांत बसणारे लोक. स्विफ्टनें वाचकाच्या पैशानें वाचकालाच हंसविलें, तेंही वाचकाच्याच तोंडचीं वाक्यें वापरून.

मराठींतील आधुनिक विनोदाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वऱ्हाडांत वकिली करीत. त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त आला; त्याचें नांव ‘साक्षीदार’. स्वतः कोर्टांत उभा राहणारा मनुष्य पहिला हात टाकतो तो कोर्टाच्या आवारांतील व्यवहारावर, ही गोष्ट आमच्या मतें बोधप्रद आहे. पुढें ‘सुदाम्याचे पोहे’ ह्या नांवानें १९१० सालीं अठरा लेख एकत्र झाले, व नंतर ही संख्या बत्तीसावर गेली. सणवार, व्रतें, समारंभ, सभासंमेलनें ह्यांतील पोकळपणा कोल्हटकरांनीं एकामागून एक उघडा केला. तो उघडा करणारा सुदामा आणि त्याचे मित्र बंडूनाना व पांडूतात्या हे कोणी त्रयस्थ शहाणे नव्हेत. तेच त्या समाजाचे प्रतिनिधि आणि तेच त्यांतील पहिले मूर्ख. आपल्या वर्गाला हंसण्यासाठीं आपल्याच वर्गाचा वेष घ्यावा लागतो, हें तंत्र कोल्हटकरांनीं मराठीस शिकविलें. राम गणेश गडकऱ्यांनीं त्यांस गुरु मानलें व ‘बाळकराम’ हें नांव धारण करून तेंच हत्यार परजलें. चिंतामण विनायक जोश्यांनीं १९३३ सालच्या ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ ह्या पुस्तकांत तें मवाळ केलें; परंतु बोथट केलें नाहीं. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या ह्या प्राध्यापकाचा चिमणराव हा पांढरपेशा कुटुंबवत्सल मनुष्यच होता. वाचकाच्याच चाळींत राहणारा, वाचकासारखाच भित्रा, वाचकासारखाच प्रतिष्ठेस जपणारा.

ह्या परंपरेचा गौरव करतांना तिचे दोष झांकावयाचे नाहींत. बाळकरामानें मांडलेल्या ठकीच्या लग्नाच्या खटपटींत दोन प्रकारचें हास्य एकमेकांत मिसळलें आहे. एक हास्य मुलीच्या रूपास उद्देशून आहे, दुसरें मुलीचा बाजार मांडणाऱ्या समाजास उद्देशून. दुसरें आजही ताजें आहे. पहिलें वाचतांना आज आमची मान खालीं जाते. एकाच लेखणींतून, एकाच बैठकींत हीं दोन्हीं हास्यें निघालीं, व त्यांतील एक टिकलें आणि एक विटलें. असें कां व्हावें? ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याला हंसणें हा उपहास होय. जिच्या हातीं ट्रे आहे तिला हंसणें ही केवळ टवाळी होय. निर्विषवाद्यांची चूक अशी कीं, ते ह्या दोहोंस एकाच तागडींत तोलतात व म्हणतात, ‘दोन्हीं बोचतात, म्हणून दोन्हीं वर्ज्य.’ आणि मग वर्ज्य होतें तें फक्त पहिलें.

वर्ज्य कसें होतें, ह्याचा दाखला वऱ्हाडांतच आहे. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. पुरुषांच्या शिष्टाचाराचा, त्यांच्या स्त्रीविषयक ठराविक सुभाषितांचा असा झणझणीत समाचार मराठींत त्यापूर्वीं कोणींच घेतला नव्हता. जोतीराव फुल्यांनीं त्या निबंधाची बाजू घेतली. पण शिष्टवर्गानें काय केलें? प्रथम राग, आणि नंतर मौन. ताराबाईंचें दुसरें पुस्तक आलें नाहीं, आणि हा निबंध पुनः सुलभ झाला तो १९७५ सालीं, स. गं. मालशे ह्यांनीं तो संपादून छापला तेव्हां. मध्यें नव्वदांहून अधिक वर्षें गेलीं. जो उपहास खरोखर बोचला, त्याचें नशीब हें असें.

मग निर्विष विनोदानें हंसावयास कोणाला निवडलें? जो पुस्तक विकत घेणार नाहीं, परीक्षण लिहिणार नाहीं, पत्र पाठवून तक्रार करणार नाहीं, त्याला. रंगभूमीवर, नभोवाणीवर आणि पुढें दूरचित्रवाणीवर घरगडी, हवालदार, खेड्यांतला पाहुणा ह्यांच्या तोंडीं बोली घालावयाची, व नायकनायिकांच्या तोंडीं प्रमाण मराठी, हा संकेत सर्वांच्या इतक्या अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं विचारावें असें कोणास वाटत नाहीं. मराठवाड्याच्या वांट्याला ह्यांतून जें आलें, तें आम्ही आयुष्यभर पाहत आलों आहों. आमच्या वर्गांत कित्येक हुशार मुलें पहिलें वर्ष मुकाट्यानें काढतात. उत्तर येत असूनही हात वर करीत नाहींत. उत्तराची भीति त्यांस नसते, तोंडून ‘हौ’ निघून जाईल ह्याची असते.

ही बोली अशी कां, ह्याचें कारण हंसणाऱ्यांस ठाऊक नसतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू; १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतही शिक्षणाचें माध्यम उर्दू. पलीकडे कानडी, शेजारीं तेलुगू. अशा परिस्थितींत ज्या आजीपणजीनें घराच्या उंबऱ्याच्या आंत मराठी जिवंत ठेवली, तिची मराठी पुण्याच्या मराठीसारखी नाहीं, ह्यांत नवल तें कसलें? ‘करलालो’ हें रूप अडाणीपणाचें नव्हे. ‘करूं लागलों’ ह्या दोन शब्दांचा तो एकजीव झालेला संक्षेप दिसतो, व चालू क्रिया दाखविण्याचें काम तो नेमकेपणानें करतो. व्याकरण त्यांत पुरेपूर आहे. फक्त तें आमच्या पुस्तकांतील नव्हे.

आणि बोलीचें राहूं द्या, बोलण्यांतील सभ्यता पाहूं. शिरूरच्या बसथांब्यावर कोणी कोणास विचारतो, ‘कुठं चाललाव?’ दुसरा म्हणतो, ‘हितंच.’ प्रश्नकर्त्याचें समाधान होतें. शहरी मनुष्यास ह्यांत भोचकपणा दिसतो. परंतु हा प्रश्न माहिती मिळविण्यासाठीं नसतोच. ‘तूं मला दिसलास, तुझी दखल मीं घेतली,’ एवढाच त्याचा अर्थ, आणि ‘हितंच’ ह्या उत्तराचा अर्थ ‘मीही घेतली’ एवढाच. कोणी हिशेब मागत नाहीं, कोणी हिशेब देत नाहीं. आतां ह्याशेजारीं आमच्या सुशिक्षित दिवाणखान्यांतील संभाषण ठेवूं. वॅगस्टाफ आज हयात असता आणि आमच्याकडे चहाला आला असता, तर त्याच्या वहींत काय काय उतरलें असतें?

पहिलें वाक्य: ‘आपण मूळचे कोठले?’ किती निरागस प्रश्न! परंतु गांवाचें नांव सांगितल्यानें विचारणाऱ्याचें समाधान होत नाहीं, हें आपण सर्व जाणतों. त्यामागून ‘आडनांव काय म्हणालांत?’ हें येतें, आणि आडनांवानेंही उलगडा झाला नाहीं तर ‘अमक्यांचे तुम्ही कोण?’ हें येतें. जात हा शब्द कोणी उच्चारीत नाहीं. तो उच्चारणें असभ्य. फक्त ती कळेपर्यंत प्रश्न थांबत नाहींत. शिकण्यासाठीं परगांवीं गेलेल्या मुलानें भाड्याची खोली मागितली म्हणजे ह्या तीन प्रश्नांची परीक्षा त्यास प्रथम द्यावी लागते, आणि नापास झाल्यास उत्तर तितक्याच गोड शब्दांत मिळतें: ‘खोली कालच दिली हो!’

दुसरें वाक्य विवाहाच्या बैठकींतील: ‘आमची कांहींच मागणी नाहीं. तुमच्या मुलीला हौसेनें काय द्यायचें तें द्या.’ हुंड्यास बंदी करणारा कायदा १९६१ सालीं झाला. त्या कायद्यानें हुंडा थांबला कीं नाहीं हें वाचकांनीं आपल्या शेजारीं पाहावें. आमच्या भाषेला मात्र त्यानें एक नवें अलंकारशास्त्र दिलें. मागणी नाहीं, हौस आहे. घेणें नाहीं, स्वीकारणें आहे. सौदा नाहीं, मानपान आहे. मुलीच्या बापास ‘हौस’ ह्या शब्दाचा आंकडा बरोबर समजतो, आणि तो समजला हें वरपक्षास त्याच्या चेहऱ्यावरून समजतें. एकही अपशब्द न उच्चारतां शेत गहाण पडतें.

तिसरें वाक्य: ‘काय, कांहीं गोड बातमी?’ लग्नास दोन वर्षें झालेल्या सुनेस हें हळदीकुंकवाच्या प्रत्येक घरीं ऐकावें लागतें. विचारणारी खरोखर प्रेमळ असते; आणि जिला विचारलें तिनें घरीं जाऊन रात्रभर काय केलें, हें तिला कधींच कळत नाहीं, कारण पुढच्या वेळीं भेटल्यावर ती तेंच पुनः विचारते.

चौथें वाक्य समाचारास आलेल्या पाहुण्याचें: ‘कोणत्या दवाखान्यांत नेलें होतें? अरेरे, आमच्या डॉक्टरांकडे न्यायला हवें होतें!’ ज्याचा बाप चार दिवसांपूर्वीं गेला त्याला ह्या वाक्यानें सांगितलें जातें कीं, बाप मृत्यूनें नेला नाहीं, तुझ्या अडाणीपणानें नेला. पाहुणा मात्र सांत्वन केल्याच्या समाधानांत घरीं परततो.

आणि पांचवें वाक्य आम्हीं वर सांगितलेंच. लातूर हें गेल्या कांहीं दशकांत परीक्षांच्या निकालांसाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध झालें; ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घराघरांत पोंचला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें तेथें येतात, एकेका खोलींत तिघे चौघे राहतात, डबा खातात, वर्षभर प्रश्नपत्रिका सोडवितात. ह्या उद्योगाचें कौतुक आम्हांस आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, आमच्या जिल्ह्यांत सतरा वर्षांच्या मुलाशीं बोलावयाचा एकच विषय उरला. पूर्वी ‘काय वाचतोस?’ ‘पोहतां येतें का?’ ‘आंबे उतरले का?’ असें तरी कोणी विचारी. आतां ‘किती आले?’ एवढेंच. ज्यांस कमी आले त्यांच्याशीं बोलावें कसें हें आमच्या शिष्टाचाराला ठाऊक नाहीं, म्हणून तो तेंच पुनः विचारतो.

ह्या पांचही वाक्यांचा एक समान गुण वाचकांच्या ध्यानांत आला असेल. प्रत्येकाचें उत्तर विचारणाऱ्यास बहुधा आधींच ठाऊक असतें, किंवा तें ऐकण्याचा त्याला अधिकार नसतो. प्रत्येक वाक्य शुद्ध, प्रमाण, मृदु आहे. व्याकरणाची एक चूक नाहीं, आवाजाची एक पट्टी चढत नाहीं. म्हणूनच ज्यास जखम झाली तो तक्रार करूं शकत नाहीं. केलीच तर ‘सहज विचारलं हो!’ हें सहावें वाक्य तयार असतें. कायदा येथें पोंचत नाहीं, उपदेश येथें चालत नाहीं. येथें पोंचूं शकतो तो एकटा उपहास. जें वाक्य एकदां रंगभूमीवर वा पुस्तकांत हास्यास्पद झालें, तें पुनः उच्चारतांना जीभ अडखळते. समाजाचें हें एवढें काम दुसरें कोणतेंही वाङ्मय करूं शकत नाहीं, आणि नेमकें हेंच काम ‘निर्विष’ ह्या एका विशेषणानें आम्हीं त्याच्या हातून काढून घेतलें आहे.

ह्यावर आक्षेप येतील. कोणी म्हणेल, बोलीवरील विनोद मराठवाड्याच्या लोकांनींच केला आहे; प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ह्या प्रयोगांत एकट्यानें बावन्न पात्रें उभीं करीत, आणि तेव्हां सारा मराठवाडाच हंसत असे. अगदीं खरें, आम्हीही हंसलों आहों. परंतु त्या हास्यांत आणि शिरूरच्या सकाळच्या हास्यांत भेद आहे. तेथें बोली हें साधन होतें. हंसूं येई तें लग्नघरांतल्या माणसांच्या फजितीस, हट्टास, भाबडेपणास. प्रेक्षक घरीं परते तो आपल्याच काकामामांची आठवण घेऊन. येथें बोलीच विषय होती; माणूस कोठेंच नव्हता. ज्यांस हा भेद पटत नाहीं त्यांनीं भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचावी. टोमॅटोचा भाव कोसळल्यावर बाजारांत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचें दुःख तीच बोली कसें पेलते, हें पाहिल्यावर पुनः तिला हंसणें सोपें जाणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा येईल कीं, दिवाणखान्यांतलीं हीं माणसें दुष्ट नव्हेत. त्यांस टोंचून काय मिळणार? दुष्ट नव्हेत, हें आम्ही शपथेवर सांगूं, कारण त्यांत आम्ही स्वतः होतों. पण चिमणराव तरी कोठें दुष्ट होता? चालीरीतींवरील उपहास दुष्टांसाठीं नसतोच; दुष्टांसाठीं पोलीस आहेत. तो भल्या माणसांच्या न तपासलेल्या संवयींसाठीं असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: काळ आधींच कडवट झाला आहे, जो तो दुसऱ्यास बोलून घेण्यास टपलेला, अशांत दोन घटका निर्मळ हंसूं द्या कीं! हंसा, खुशाल हंसा. केळीच्या सालीवरून घसरलेल्या माणसास हंसण्यास आमची ना नाहीं. फक्त त्या हंसण्यास वाङ्मयाचा आदर्श म्हणूं नका, आणि जो लेखक आपल्याच वाचकास आरसा दाखवितो त्यास ‘कडवट’ ह्या एका शब्दानें निकालांत काढूं नका. शिव्या आणि उपहास ह्यांत गफलत करणें सोपें आहे. शिवी दुसऱ्यास देतां येते. उपहास आपण स्वतः त्यांत उभे राहिल्यावांचून साधत नाहीं. सुदामा त्यांत उभा होता म्हणून ते पोहे अद्याप शिळे झाले नाहींत.

म्हणून परीक्षकांस आमची विनंती इतकीच कीं, यापुढें ‘निर्विष’ हें विशेषण लिहिण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: निर्विष कोणास? पुस्तक घेणाऱ्यास कीं पुस्तकांत दाखविलेल्यास? आणि ज्यांस लिहितां येतें अशा तरुण मंडळीस, विशेषतः आमच्या जिल्ह्यांतील मुलामुलींस, विनंती अशी कीं, तुमच्या बोलीला हंसणाऱ्यांचें बोलणें तुम्ही टिपून ठेवा. भांडूं नका, रागावूं नका. स्विफ्टच्या वॅगस्टाफप्रमाणें वही घेऊन कोपऱ्यांत बसा. साखरपुडा, बारसें, समाचार, गृहप्रवेश, निकालाचा दिवस, कोणताही प्रसंग चालेल. आमच्या शुद्ध, मृदु, निर्दोष मराठींत आम्ही एकमेकांस काय म्हणतों, तें जसेंच्या तसें छापा. वर भाष्य करण्याची फारशी गरज पडणार नाहीं.

आम्हींही एक वही केली आहे. शिरूरहून परततांना मोटारींत शेजारीं बसलेले मुख्य वक्ते म्हणाले, ‘छान, साधी माणसं आहेत हो!’ आम्ही ‘हो’ म्हणालों. तें वाक्य आणि आमचा तो होकार वहीच्या दुसऱ्या ओळीवर आहे. पहिल्या ओळीवर आमचाच प्रश्न आहे: ‘काय, किती आले यंदा?’ त्यापुढें उत्तरासाठीं जागा सोडली होती. ती अजून कोरी आहे.